साधन आणि अध्ययन

पुण्यात १९८४ साली ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली आणि दूरचित्रवाणी शिक्षकाच्या मदतीस आली. ती संस्था आज नाही; आता पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमुळे चित्रफीत भ्रमणध्वनीवर दिसते. साधने बदलली, तरी मूल शिकते कसे, हा प्रश्न कायम आहे.

शिकलेले आरंभी झपाट्याने विसरले जाते, हे हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली प्रयोगाने दाखविले. मूल स्वतःच्या कृतीतून ज्ञान रचते, असे जीन पियाजे यांनी प्रतिपादिले.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचेच उदाहरण घ्यावे. बेसाल्ट खडकातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्कापाताने निर्माण झाले. चित्रफीत मध्येच थांबवून ‘हा खड्डा कसा पडला असेल?’ असे विचारावे. मुलांना ओल्या मातीत खडे टाकून पाहू द्यावे. मगच कारण सांगावे. दोन दिवसांनी व पुन्हा आठवड्याने, पुस्तक न उघडता, तेच आठवून सांगावयास लावावे. केवळ पाहिलेले विसरते. शोधलेले व पुनःपुन्हा आठवलेले टिकते.

म्हणून शाळेसाठी पडदा मंजूर करताना पंचायत सदस्यांनी किमतीबरोबरच त्याच्या वापराची पाठयोजनाही विचारावी. पडदा दाखवितो, शिकविण्याचे कार्य शिक्षकाचेच आहे.