नोटीस आली नाही, झोप मात्र गेली

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागली. पनवेल परिसरात जमिनीचे मोल वाढले आणि आमच्या वस्तीत एकच प्रश्न फिरू लागला : आपली घरे राहतील का? कोणी म्हणते मोजणी होणार, कोणी म्हणते बुलडोझर येणार. विहारात वंदनेनंतर आम्ही विचारले, तेव्हा अनेक आयाबायांनी रात्री डोळा लागत नसल्याचे सांगितले. नोटीस मात्र एकीच्याही हाती नव्हती.

तथागतांनी सल्ल सुत्तात दोन बाणांचा दाखला दिला आहे. पहिला बाण लागला की वेदना होणारच. पण त्यावर तळमळत बसणारा माणूस दुसऱ्या बाणानेही घायाळ होतो. आपले तर पहिला बाण सुटण्याआधीच दुसऱ्याने हाल चालले आहेत.

मनातल्या बुलडोझरलाही शरीर खऱ्यासारखेच घाबरते. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, अंग आखडते. हे रोजचे झाले की झोप उडते, डोके दुखते, रक्तदाबाच्या रुग्णांचा त्रास वाढतो.

यावर आनापानसती, म्हणजे येत्या-जात्या श्वासाचे भान, हा साधा उपाय आहे. पाठ ताठ ठेवून बसा. नाकातून आत येणारा, बाहेर जाणारा श्वास फक्त पाहा. सुरुवातीला श्वास थोडा सावकाश सोडा, धडधड कमी होते. मन उद्याकडे पळाले तर स्वतःवर चिडू नका, परत श्वासावर या. सकाळी १० मिनिटे, झोपताना १० मिनिटे. वेळच नसेल तर नळावर हंडा भरताना पाण्याच्या आवाजाकडे, भाकरी थापताना हाताकडे लक्ष द्या. रात्री मोबाइलवरच्या अफवा बंद.

मात्र वर्तमानात राहणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. बाबासाहेबांच्या लेकरांना ते शोभणारही नाही. वहीत दोन रकाने करा : आज माझ्या हातात काय आहे, काय नाही. हातातले आजच करा. जुनी वीजबिले, शिधापत्रिका, मतदार यादीतील नाव, मुलांचे शाळेचे दाखले एका पिशवीत ठेवा, झेरॉक्स काढा. झोपडीधारकांच्या हक्कात १ जानेवारी २००० ही तारीख महत्त्वाची ठरते, म्हणून जुना कागद फेकू नका. १९८७ च्या कायद्याने महिलांना आणि अनुसूचित जातींना मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत बौद्धांनाही स्थान आहे. जाताना एकटे जाऊ नका, चौघे मिळून जा.

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जीव नकोसा वाटतो, असे असेल तर लाजू नका. सरकारी रुग्णालयात दाखवा किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही बोला. सुरू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका.

उद्याचे उद्या, सगळे मिळून पाहू. आजचा श्वास आणि आजचे काम आपल्या हातात आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!