यंत्र उघडून पाहणारे हात

पावसाने उघडीप दिलेल्या एखाद्या रविवारी सकाळी कोल्हापुरातून पन्हाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुन्या मोटारसायकलींचा लहानसा ताफा दिसतो. त्यात येझदी असते, बुलेट असते, यामाहाची आरएक्स १०० असते. वाघबीळच्या चढावर त्यांतील एखादी गाडी आचके देऊ लागली, की ती एकटी थांबत नाही; सारा ताफा थांबतो. एक जण प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग न्याहाळतो, दुसरा कार्ब्युरेटरची वाटी उघडून तळाचा गाळ पुसतो, तिसरा नुसताच सल्ला देतो. वीस मिनिटांत गाडी सुरू होते आणि पुढे मिसळीच्या टेबलावर त्या वीस मिनिटांची चर्चा तासभर चालते. या मंडळींत बँकेतला कारकून असतो, शाळेतला शिक्षक असतो, महाविद्यालयातला विद्यार्थी असतो. बाहेरून पाहणाऱ्यास हा केवळ हौशी लोकांचा वेळ घालविण्याचा मार्ग वाटेल. परंतु त्या रस्त्याच्या कडेला जे घडते, त्याचा या शहराच्या घडणीशी फार जवळचा संबंध आहे.

कोल्हापूरने यंत्रविद्या प्रथम ग्रंथांतून घेतली नाही. ती यंत्र उघडून घेतली. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातील बंधू आनंदराव यांनी मुंबईहून एक जुना प्रोजेक्टर मिळविला आणि चलच्चित्राचे तंत्र त्या यंत्राच्या आधारे समजून घेण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. तरी बाबूरावांनी दादा मिस्त्री यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा तयार केला. १९२० मधील ‘सैरंध्री’ हा त्या खटपटीतून उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा चित्रपट होय. पुढे शिवाजी उद्यमनगरात जी कारखानदारी वाढली तिचे बीजही याच वृत्तीत होते. गुऱ्हाळाचा चरक, विहिरीवरचे ऑइल इंजिन, बिघडलेला पंप हे आधी दुरुस्तीला आले. दुरुस्त करणाऱ्याने मोडलेला भाग स्वतः ओतून, कातून पाहिला. आणि एक भाग जमला तेव्हा सबंध यंत्र करण्याची उमेद आली. दुरुस्ती हे येथे निर्मितीचे पहिले इयत्तापुस्तक ठरले.

मोटारसायकलीने हे इयत्तापुस्तक सामान्य माणसाच्या अंगणात आणून ठेवले. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ च्या सुमारास जावा गाड्या बाजारात आणल्या. १९७३ पासून त्याच गाड्या येझदी या नावाने धावू लागल्या. किक मारण्याचा दांडाच पुढे वळवून गिअरसाठी वापरण्याची त्यांची रचना ज्याने एकदा पाहिली, तो ती विसरत नाही. बुलेट मद्रासच्या कारखान्यातून येई. १९८५ साली आलेल्या आरएक्स १०० ने तरुण पिढीला वेड लावले. पुढे १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला आणि आरएक्स १०० चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. व्यवहाराच्या न्यायाने या गाड्यांनी एव्हाना भंगारात जावयास हवे होते. तसे झाले नाही, याचे कारण कारखाना मिटला तरी त्या यंत्राचे ज्ञान मिटले नव्हते. सिलिंडर झिजला तर तो बोरिंग करून किंचित मोठा पिस्टन बसविता येतो. बुश मिळत नसेल तर लेथवर कातून घेता येतो. क्लचची तार बाजारातल्या साध्या तारेपासून बेतता येते. यंत्र उघडे होते, म्हणून ते जगले.

अशा यंत्राची निगा राखणे ही एक शिस्त आहे. प्लगचे टोक फिकट तपकिरी असले तर इंधन व हवा यांचे प्रमाण ठीक. काळी काजळी धरली असेल तर इंधन जास्त. पांढुरके पडले असेल तर ते कमी आणि इंजिन वाजवीपेक्षा तापते आहे. चेन फार ताणली तर बेअरिंगवर भार येतो, फार ढिली राहिली तर ती दाते सोडते. यातले काहीही घोकून साधत नाही. पाहून, ऐकून, हाताला लागून कळते. ज्याला आपल्या गाडीचा नेहमीचा आवाज ठाऊक आहे, त्यालाच तिचा बदललेला आवाज ऐकू येतो. निरीक्षण, तर्क, पडताळा आणि चूक झाल्यास पुन्हा आरंभ, ही विज्ञानाची रीत प्रयोगशाळेत जितकी शिकता येते, तितकीच ती गॅरेजच्या तेलकट फरशीवरही शिकता येते.

या ज्ञानाची खरी कसोटी संकटात लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली आणि नदीकाठच्या वस्त्यांतून दारात उभी असलेली वाहने पाण्याखाली गेली. २०२१ च्या जुलैत तेच पुन्हा घडले. पूर ओसरल्यावर बुडालेली गाडी पाहून मालकाचा पहिला मोह असतो तो किक मारून पाहण्याचा; आणि तोच घातक ठरतो. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दबत नाही. पिस्टन त्यावर आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढावा, पाणी निथळू द्यावे, टाकीतले पेट्रोल व इंजिनातले ऑइल ओतून टाकावे, नवे ऑइल घालून ते काही अंतर गाडी चालल्यावर पुन्हा बदलावे, हा साधा क्रम ज्याला माहीत होता त्याची गाडी वाचली. आणि शेजाऱ्याचीही वाचली. अशा वेळी रोजगार त्या गाडीवर अवलंबून असणाऱ्या माणसाच्या दृष्टीने गॅरेजमधला मिस्त्री डॉक्टरपेक्षा कमी मोलाचा नसतो.

रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाच्या १९७४ मधील ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ या गाजलेल्या पुस्तकात एक मार्मिक प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या गाडीचे हँडल ढिले होते, तेव्हा बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी त्यात बसवावी असे निवेदक सुचवितो. पट्टी उत्तम बसली असती. परंतु मित्राला तो आपल्या गाडीचा अपमान वाटतो. उद्यमनगरातील कोणाही मिस्त्रीला या प्रसंगात निवेदकाची बाजू समजावून सांगावी लागणार नाही. वस्तू वापरणारा आणि वस्तू जाणणारा यांच्यातील अंतर हा त्या ग्रंथाचा एक मुख्य विषय आहे, आणि आज तेच अंतर झपाट्याने वाढते आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशात ‘बीएस-६’ ही प्रदूषणमर्यादा लागू झाली आणि बहुतेक मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला; त्याच्या जागी संगणकाच्या हुकमाने इंधन सोडणारी योजना आली. हा बदल वाईट नव्हे. टू-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण आत येते त्याच वेळी जळालेला वायू बाहेर पडत असल्याने काही इंधन न जळताच निसटते. त्या निळसर धुराची आठवण गोड असली तरी तो फुफ्फुसांना गोड नसतो. नवी गाडी कमी बिघडते. २०१९ पासून सव्वाशे सी.सी.वरील गाड्यांना सक्तीची झालेली ‘एबीएस’ योजना निसरड्या रस्त्यावर चाक अडकू देत नाही. तेव्हा जुने ते सोने, असा हेका धरण्यात अर्थ नाही.

प्रश्न निराळाच आहे. नव्या गाडीत बिघाडाचा दिवा लागतो. परंतु त्या दिव्याचा अर्थ पुष्कळदा उत्पादकाच्या उपकरणालाच कळतो. पान्याने उघडणारे यंत्र आता परवानगीने उघडते. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार उत्पादकांना दंड ठोठावला, तो सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांपासून दूर ठेवल्याच्या कारणावरून. त्या निर्णयावर पुढे अपिले झाली. परंतु प्रश्न काल्पनिक नाही, एवढे त्यावरून सिद्ध झाले. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत शेतीची अवजारे, मोबाइल आणि घरगुती टिकाऊ वस्तू यांच्याबरोबर मोटारवाहनेही होती. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठी एक संकेतस्थळही सुरू झाले. माहिती मिळू लागली हे स्वागतार्ह आहे. परंतु उत्पादकाने मर्जीने दिलेली माहिती आणि ग्राहकाने हक्काने मागितलेली माहिती यांत फरक आहे. गाडीची किंमत पूर्ण मोजून घेणाऱ्याला तिची दुरुस्तिपुस्तिका आणि बिघाडाच्या खुणांचा उलगडा मराठीतून, वाजवी दरात मिळावा, अशी तरतूद कायद्याने व्हावयास हवी.

कायद्याबरोबर शिक्षणही हवे. हाताखाली काम करीत शिकलेल्या मिस्त्रीपाशी ज्ञान असते, प्रमाणपत्र नसते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलापाशी पुष्कळदा याच्या उलट. या दोघांना एका बाकावर बसविणे अवघड नाही. संध्याकाळच्या छोट्या वर्गांतून मिस्त्रीला सेन्सर व वायरिंगची विद्या मिळाली, आणि विद्यार्थ्याला मिस्त्रीचा कान मिळाला, तर दोघांचाही लाभ होईल. शाळांनीही विज्ञानाच्या तासाला एक बंद पडलेले इंजिन मुलांपुढे उघडून ठेवावे. चार फेऱ्यांच्या आकृतीपेक्षा ते अधिक बोलके ठरेल.

हौशी मंडळींवरही काही जबाबदारी येते. सायलेन्सरमधली जाळी काढून टाकून गल्लीची झोप मोडणे म्हणजे यंत्रप्रेम नव्हे. ज्याने सायलेन्सरचे काम समजून घेतले आहे, तो त्याला मुका करीत नाही आणि मोकाटही सोडीत नाही. हेल्मेट न घालता घाट चढणाऱ्याने गाडीची निगा राखली, स्वतःची राखली नाही, असेच म्हणावे लागेल. जी मंडळी वाटेत एका गाडीसाठी थांबतात, त्यांनी आपले कसब पुढच्या मुलापर्यंत पोहोचविण्यासाठीही थोडे थांबावे.

जुन्या गाड्या आज ना उद्या रस्त्यावरून जातील. त्यांच्या जागी विजेच्या येतील, आणि त्यांनाही बिघाड चुकणार नाही. तेव्हा रस्त्याच्या कडेला गाडी थांबली, तर शेजारी उभा असलेला माणूस पाना काढील की केवळ दूरध्वनी लावून वाट पाहत बसेल, हे आज ठरावयाचे आहे. एका जुन्या प्रोजेक्टरच्या आधारे कॅमेरा घडविणाऱ्या शहराला याचे उत्तर कोणाकडून उसने घेण्याची गरज पडू नये.