स्कॉटलंडमधील हिवाळी हवामान-अंदाजाची भाषा

मजकूर समजला असे वाटणे आणि तो खरोखर समजणे यांतील अंतर भाषेच्या अभ्यासकास नवीन नाही. परंतु हे अंतर थेट जिवावर बेतू शकते, अशी उदाहरणे मात्र थोडी. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागासाठी हिवाळ्यात दररोज प्रसिद्ध होणारे हवामानाचे अंदाज हे त्यांपैकी एक होय. तेथील विद्यापीठांत शिकावयास गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांपैकी ज्यांस सह्याद्रीची गोडी लागलेली असते, ते शनिवार-रविवारची सुटी साधून साहजिकच डोंगराकडे वळतात. त्यांचे इंग्रजी चांगले असते. पण फसगत होते ती बहुधा सोप्या शब्दांपाशी. म्हणून या अंदाजांची घडण आणि त्यांतील काही शब्दांचे अर्थ यांचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिली फसगत अंदाज वाचण्यापूर्वीच होते. आपल्याकडे हिवाळा म्हणजे डोंगरात जाण्याचा ऋतू. ओढे शांत झालेले, आकाश निरभ्र, पहाटे गारठा आणि दुपारी सुखद ऊन, असे चित्र त्या एका शब्दाबरोबर मनात उभे राहते. त्यात कळसूबाईची उंची १६४६ मीटर, तर ब्रिटनमधील सर्वोच्च शिखर बेन नेव्हिस अवघे १३४५ मीटर. तेव्हा कळसूबाई चढलेल्यास हे काय अवघड, असा हिशेब सहज केला जातो. परंतु बेन नेव्हिस ५७ अक्षांशाच्या जवळ असून अटलांटिक महासागरावरून एकामागून एक येणाऱ्या वादळांच्या वाटेवरच उभे आहे. या शिखरावर १८८३ ते १९०४ पर्यंत वेधशाळा होती आणि तेथे राहणारे निरीक्षक तासातासाला नोंदी घेत असत. त्या नोंदींवरून शिखरावरील वार्षिक सरासरी तपमान शून्य अंशाच्या आसपास येते. केर्नगॉर्म शिखरावर २० मार्च १९८६ रोजी वाऱ्याचा झोत ताशी १७३ मैलांचा, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरांचा नोंदला गेला.

दुसरी चूक म्हणजे पायथ्याच्या गावाचा अंदाज पाहून शिखराविषयी निष्कर्ष काढणे. फोर्ट विल्यम हे गाव समुद्रकाठी आहे. उंचीबरोबर तपमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. तेव्हा गावात ५ अंश असता बेन नेव्हिसच्या माथ्यावर ते शून्याखाली तीन-चार अंश असणार, आणि गावातला पाऊस वर हिम असणार. (क्वचित याच्या उलटही घडते. स्थिर हवेत थंड हवा दरीत साचते, गाव धुक्यात बुडून जाते आणि माथ्यावर स्वच्छ ऊन असते.) यास्तव डोंगरांसाठी स्वतंत्रपणे केलेले अंदाजच वाचावयास हवेत. ब्रिटनचे हवामान खाते असे अंदाज देते. त्याखेरीज ‘माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस’ ही संस्था निरनिराळ्या पर्वतविभागांसाठी तीन दिवसांचे अंदाज काढते.

या संस्थेच्या पत्रकाची रचना भाषेच्या दृष्टीने मोठी लक्षणीय आहे. त्यातील बहुतेक मथळे प्रश्नरूप आहेत. वारा किती? पाऊस वा हिम किती? डोंगरावर ढग असतील काय? थंडी किती? आणि या सर्वांत वेगळा असा एक प्रश्न: वाऱ्याचा तुमच्यावर परिणाम काय होईल? हवामानशास्त्राची भाषा एरवी तृतीय पुरुषात बोलते. येथे ती एकदम द्वितीय पुरुषात येते. हे निव्वळ शैलीचे वळण नव्हे. ताशी ४० मैल ही संख्या ज्याने तो वारा अंगावर घेतला नाही त्यास काहीच सांगत नाही. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग २० मैलांवरून ४० वर गेला की धक्का दुप्पट न होता चौपट होतो. ‘चालणे अवघड’, ‘तोल सांभाळणे कठीण’ अशी वाक्ये ही संख्येचे शरीराच्या भाषेतील भाषांतरच असतात, आणि वाचकाने प्रथम तीच वाचावीत असे माझे मत आहे.

हे मत अनुभवाने बनले आहे. संशोधनानिमित्त तिकडे असताना एका फेब्रुवारीत मी व एक सहकारी निघालो, ते मथळ्याखालचे ‘कोरडे, भरपूर सूर्यप्रकाश’ एवढेच शब्द वाचून. ते शब्द अक्षरशः खरे ठरले. ऊन लखलखीत होते. आणि खिंडीच्या वरच्या अंगास पोचल्यावर वाऱ्याने आम्हांस उभे राहू दिले नाही. हातापायांवर रांगत आम्ही मागे फिरलो. संध्याकाळी पत्रक पुन्हा उघडले, तेव्हा वाऱ्याविषयीच्या ओळी तेथे होत्याच. ‘चांगले हवामान’ या मराठी कल्पनेत ऊन आणि कोरडेपणा येतो, वारा येत नाही; आम्ही आमच्या शब्दार्थानुसार वाचले होते.

थंडीचा आकडा बहुधा ९०० मीटर उंचीवरचा असतो. तो मोकळ्या हवेचा असून अंगाला जाणवणारा गारठा त्याहून बराच तीव्र असू शकतो: उणे ५ अंश तपमान आणि ताशी ५० किलोमीटर वारा एकत्र आले, तर उघड्या त्वचेस ते उणे १५ अंशांसारखे जाणवते. ‘फ्रीझिंग लेव्हल’, आपण तीस गोठण-पातळी म्हणू, म्हणजे जिच्या वर हवेचे तपमान शून्याखाली असते ती उंची. हिमाचा थर तेथून सुरू होतो, असा तिचा अर्थ नव्हे. पूर्वी पडलेले हिम तिच्या खालीही असू शकते, आणि निरभ्र रात्री जमीन हवेपेक्षा अधिक निवून ओली वाट त्या पातळीच्या खालीही गोठते. गोठण-पातळी दिवसभर शिखरांच्या वर आणि रात्री बरीच खाली, असे लिहिले असेल तर सकाळी मऊ हिमाऐवजी कठीण, निसरडा पृष्ठभाग अपेक्षावा.

येथे मराठीची एक अडचण सांगितली पाहिजे. शरबतात घालतो तोही ‘बर्फ’ आणि हिमालयात पडतो तोही ‘बर्फ’. इंग्रजीतील दोन शब्दांचे काम बोली मराठीत एकच शब्द करतो. ‘हिम’ हा संस्कृत शब्द ग्रंथांत आहे, तोंडात नाही. याचा परिणाम असा, की ‘वाटेवर बर्फ आहे’ असा निरोप मित्राने मित्रास दिला, तर ऐकणाऱ्यास बोध होत नाही. भुसभुशीत हिमात पाऊल रुतते, पण टिकते. काचेसारख्या बर्फावर बुटाखाली क्रॅम्पन व हातात आइस-अ‍ॅक्स नसता एक पाऊलही धोक्याचे. निरोप देताना ‘मऊ’ की ‘कडक’ एवढे विशेषण जोडण्याचा परिपाठ ठेवला तरी पुरे.

हिमस्खलनाचा अंदाज ही वेगळी बाब असून स्कॉटलंडमधील सहा क्षेत्रांसाठी तो हिवाळ्यात दररोज निघतो. तो वाचताना दिशेचा घोटाळा हमखास होतो. वाऱ्याची दिशा त्याच्या उगमावरून सांगतात: नैर्ऋत्येचा वारा म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारा. उताराची दिशा मात्र तो जिकडे तोंड करून आहे तिच्यावरून सांगतात. म्हणून नैर्ऋत्येच्या वाऱ्याने उडालेले हिम ईशान्याभिमुख उतारांवर, म्हणजे वाऱ्याच्या आडोशास साचते आणि धोका तेथे वाढतो. जो उतार वाऱ्यापासून सुरक्षित व शांत वाटतो तोच घातक. माथ्याच्या काठावर याच हिमाचे पुढे झुकलेले छज्जे तयार होतात. ढग उतरले आणि खाली हिमाचा थर असला, की आकाश व भूमी यांतील सीमारेषाच नाहीशी होते. छज्जा कोठे संपतो हे डोळ्यांस कळत नाही. माथे ढगमुक्त असण्याची शक्यता पत्रकात टक्क्यांत दिलेली असते, तिचे महत्त्व यासाठी. ते केवळ देखाव्याविषयीचे विधान समजू नये. नोव्हेंबर १९७१ मध्ये केर्नगॉर्मच्या पठारावर हिमवादळात सापडून पाच शाळकरी मुले व त्यांच्यासोबतची तरुण मार्गदर्शक असे सहा जण मृत्युमुखी पडले.

प्रत्यक्ष क्रम असा ठेवता येईल. आठवड्याच्या मध्यास वायुदाबाचे नकाशे पाहून सर्वसाधारण कल हेरावा; गुरुवारपासून डोंगरांचा अंदाज रोज वाचावा आणि तो कसा बदलत जातो ते पाहावे, कारण वारंवार बदलणारा अंदाज अनिश्चिततेची कबुलीच देत असतो. हिमस्खलनाचे मागील तीन-चार दिवसांचे अहवालही वाचावेत. धोका थरांत साठतो, एका दिवसात उपजत नाही. शुक्रवारी संध्याकाळी अखेरचा अंदाज पाहून वाट ठरवावी, व परतण्याची वेळही. डिसेंबरच्या अखेरीस तेथे दिवस सात तासांहूनही लहान असतो.

उरला एक शब्द. हिमस्खलनाच्या धोक्याची पाच पायऱ्यांची मोजपट्टी युरोपात १९९३ पासून रूढ आहे. तिची तिसरी पायरी इंग्रजीत ‘कन्सिडरेबल’ या शब्दाने दाखवितात. पाचांत तिसरी म्हणजे मध्यम, असे वाचकास वाटते. परंतु ‘मध्यम’ हे नाव दुसऱ्या पायरीचे आहे, आणि दर पायरीस धोका सारख्या प्रमाणात न वाढता झपाट्याने वाढतो. तिसऱ्या पायरीवर काही तीव्र उतारांवर एकट्या माणसाच्या भारानेही स्खलन होऊ शकते. या शब्दास आमच्या विभागात ‘बराच’, ‘लक्षणीय’, ‘भरीव’ असे प्रतिशब्द सुचविले गेले. ‘बराच’ बोलण्यात फार झिजलेला आहे, ‘लक्षणीय’ परीक्षेच्या निकालासारखा वाटतो आणि ‘भरीव’ तर चक्क प्रशंसेचा. तूर्त मी ‘मोठा’ हा शब्द वापरतो आणि वरच्या दोन पायऱ्यांस ‘भारी’ व ‘अतिभारी’ म्हणतो. वाचकांनी अधिक चांगला पर्याय सुचविल्यास तो स्वीकारण्यास आनंद वाटेल.