महागडा हेडफोन खरंच चांगला वाजतो का? घरच्या घरी पारख करण्याची रीत

भेस्तान (सुरत) : पंधरा, वीस, तीस हजारांचा हेडफोन घ्यायचा म्हणजे भेस्तान-पांडेसरा पट्ट्यातल्या अनेक घरांत महिन्याच्या पगाराचा सवाल असतो. लूमच्या खात्यात, डाइंग मिलमध्ये किंवा कापड मार्केटमध्ये कामाला असलेल्या घरातला पोरगा दिवाळीच्या बोनसवर एवढी मोठी वस्तू घेतो, तेव्हा ती घेण्याआधी नीट ऐकून बघायला मिळावी, ही साधी अपेक्षा. पण दुकानात डबा सीलबंद असतो आणि ऑनलाइन घेतलं तर आधी ऐकायची सोयच नाही. मग राहतो एकच मार्ग. मित्राचा एखादा हेडफोन दोन दिवस मागून आणायचा किंवा परत करायची मुदत असलेला घ्यायचा आणि घरीच दोन्ही शेजारी ठेवून ऐकायचं.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. एक काढला, दुसरा घातला, "हा भारी आहे" म्हटलं, झाला निकाल. असा निकाल बहुधा आवाजाच्या दर्जाचा नसतो. जो हेडफोन मोठ्याने वाजतो, तो जिंकतो. खरी तुलना करायला यंत्रं लागत नाहीत. दोन मोबाइल, एक पुठ्ठा, एक मदतनीस आणि सुट्टीची एक सकाळ पुरते.

मोठा आवाज कानाला फसवतो

माणसाचा कान सगळे सूर सारखे ऐकत नाही. अमेरिकेतल्या बेल लॅबमधले फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. आवाज हळू असताना खर्जातले आणि अगदी वरचे सूर कानाला कमी जाणवतात, आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणून तेच गाणं, तोच हेडफोन, फक्त आवाज थोडा वाढवला तरी डग्गा जास्त घुमतो, झांज जास्त चमकते आणि गाणं "भरलेलं" वाटतं. फरक अगदी थोडा, एखाद्या डेसिबलचा असेल, तर तो "मोठा आवाज" म्हणून लक्षातही येत नाही, "चांगला आवाज" म्हणून येतो.

आता दोन हेडफोन एकाच मोबाइलला लावले आणि व्हॉल्यूम एकाच खुणेवर ठेवला, तरी आवाज सारखा होत नाही. प्रत्येक हेडफोनला लागणारी ताकद वेगळी असते. उदाहरण घ्यायचं तर सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासून बाजारात असलेला नावाजलेला हेडफोन ३०० ओहमचा आहे. साधे इअरफोन १६ किंवा ३२ ओहमचे असतात. मोबाइलला थेट लावला तर हा महागडा हेडफोन दोनशे रुपयांच्या इअरफोनपेक्षा हळू वाजू शकतो आणि ऐकणारा म्हणतो, "यात काय एवढं?" दोष हेडफोनचा नसतो, तुलनेचा असतो.

आवाज सारखा कसा करायचा

इंटरनेटवर "पिंक नॉइज" नावाचा आवाज फुकट मिळतो. पत्र्यावर एकसारखा पाऊस पडावा तसा तो लागतो. त्यात खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर असतात. एका मोबाइलवर हा आवाज लावावा. दुसऱ्या मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप घ्यावं. जाड पुठ्ठ्याला माइकएवढं भोक पाडून त्याखाली मोबाइलचा माइक ठेवावा आणि हेडफोनची एक वाटी पुठ्ठ्यावर सपाट, फट न ठेवता दाबून धरावी. आकडा लिहून घ्यावा. दुसरा हेडफोन तसाच धरावा आणि आकडा पहिल्याच्या एका डेसिबलच्या आत येईपर्यंत व्हॉल्यूम कमी-जास्त करावा.

ॲपचा आकडा खरा असेलच असं नाही. पण मोबाइल तोच, जागा तीच, पुठ्ठा तोच असला, तर फरक कळायला तो पुरतो. मोबाइलच्या बटणाने आवाज बऱ्याचदा दोन-तीन डेसिबलच्या उड्या मारत बदलतो. तेव्हा बारीक जुळवणी गाण्याच्या ॲपमधल्या इक्वलायझरच्या "प्रीॲम्प" पट्टीने करावी. मात्र इक्वलायझरच्या बाकी पट्ट्या शून्यावर आणि मोबाइलमधले "डॉल्बी", "बास बूस्ट" असले प्रकार बंद. पुठ्ठा म्हणजे कान नव्हे, म्हणून शेवटी एकट्या आवाजातलं गाणं लावून दोन्हींत गळा सारखाच जवळ वाटतो का, हे कानानेही तपासून घ्यावं.

शिफ्टवरून आल्या आल्या ऐकू नये

भेस्तानच्या वाचकांसाठी ही बाब सगळ्यात महत्त्वाची. लूमच्या खात्यातला गोंगाट ९० डेसिबलच्या वर सहज जातो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा धरली आहे. असल्या आवाजात शिफ्ट काढली की कान काही तास बधिर होतात. खात्यातून बाहेर पडल्यावर समोरचा बोललेला शब्द नीट पोचत नाही, तो हाच प्रकार. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत तर कामगाराच्या पहिल्या श्रवण तपासणीआधी १४ तास गोंगाट नको, असं सांगितलं आहे. तोच नियम हेडफोनच्या पारखीला लावावा. रात्रभर विश्रांती आणि सुट्टीची सकाळ, ही योग्य वेळ.

यात आणखी एक गोष्ट दडली आहे. गोंगाटाने कान जातात तेव्हा नुकसान आधी ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात होतं, विशेषतः ४,००० हर्ट्झच्या आसपास. "स", "श", "त" ही अक्षरं स्पष्ट करणारे सूर, पेटीची धार, तबल्याची किनार बरीचशी या भागात येतात. वर्षानुवर्षं लूमवर काम केलेल्या माणसाला कर्कश हेडफोन "क्लिअर" वाटेल आणि त्याच्या पोराला तोच टोचेल. दोघंही खोटं बोलत नाहीत. म्हणून दुसऱ्याने दिलेले पाच तारे बघून घेण्यापेक्षा जो वापरणार आहे, त्याच्याच कानाने पारख व्हावी.

कोणती गाणी लावायची

डीजे मिक्स किंवा लग्नातली धांगडधिंगा गाणी पारखीला उपयोगाची नाहीत. त्यात हळू आणि मोठा यातलं अंतरच उरलेलं नसतं, सगळं एकाच पट्टीत ठासून भरलेलं असतं. त्यापेक्षा चार प्रकार निवडावेत.

पहिला, तानपुरा आणि एकटा गळा. तानपुऱ्याची जवारी मोकळी होते का, गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो का, हे बघावं. दुसरा, तबल्याची साथ. डग्ग्याची घिस आणि तबल्याची किनार वेगळी कळली पाहिजे. तिसरा, मोठा वाद्यवृंद. "सैराट" (२०१६) च्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी सिम्फनी वाद्यवृंद लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित केला होता. व्हायोलिनचा ताफा आणि ढोल-ताशाचा दणका एकत्र आल्यावर हेडफोन गोंधळतो की नाही, हे अशा गाण्यात लगेच कळतं. चौथा, जुनं मोनो गाणं. पुणे आकाशवाणीवर १९५५ साली गीतरामायण सुरू झालं, त्या काळातली बहुतेक ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. असं गाणं बरोबर डोक्याच्या मध्यभागी ऐकू यायला हवं. ते एका बाजूला सरकलं तर हेडफोनच्या दोन वाट्या सारख्या नाहीत किंवा ऐकणाऱ्याच्या एका कानाला कमी ऐकू येतं. हेडफोन उलटा घालून बघावा. आवाज दुसऱ्या बाजूला गेला तर दोष हेडफोनचा, त्याच बाजूला राहिला तर कान तपासून घ्यावेत.

प्रत्येक गाण्याचा पंधरा-वीस सेकंदांचाच तुकडा ऐकावा. आवाजाचे बारकावे मनात फार वेळ टिकत नाहीत. पूर्ण गाणं ऐकून मग दुसरा हेडफोन घातला, तर तोवर पहिल्याची फक्त "छान होता" एवढीच आठवण उरते.

किंमत झाकून ऐका

किंमत माहीत असली की कान पक्षपात करतो. यावर शास्त्रज्ञांनी आंधळ्या चाचणीचा उपाय काढला. हेडफोनच्या बाबतीत ते अवघड, कारण डोळे मिटले तरी वजन आणि गादीचा स्पर्श ओळखू येतो. म्हणून हरमन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास एकाच हेडफोनवर इक्वलायझरने वेगवेगळ्या हेडफोनची नक्कल करून लोकांना ऐकवलं.

घरी एवढं जमणार नाही. सोपा उपाय असा, की ज्याला दोन्हींची किंमत आणि कंपनी ठाऊक नाही, अशा घरातल्या माणसाला ऐकवावं. आईला, मावशीला, शेजारच्या काकांना. नावावर कागदाची पट्टी चिकटवावी, "अ" आणि "ब" म्हणावं आणि कोणता बरा एवढंच विचारावं. काही वेळाने क्रम उलटा करून पुन्हा विचारावं. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं तर त्याला किंमत आहे.

महागडी वायर, छोटा डीएसी किंवा जास्त दराची गाण्याची फाइल यांची पारख मात्र पूर्ण आंधळी करता येते, कारण डोक्यावरचा हेडफोन तोच राहतो. मदतनीसाने नाणं उडवून जोडणी बदलावी, ऐकणाऱ्याने ओळखावं. फाइलसाठी संगणकावर फुबार२००० या मोफत प्लेअरला अशा चाचणीची जोड मिळते. दहा वेळा विचारावं. दहापैकी नऊ किंवा दहा बरोबर आले तर फरक खरंच ऐकू येतो, कारण नुसत्या अंदाजाने एवढं जमण्याची शक्यता शंभरात एक आहे. सहा-सात बरोबर आले तर त्यावर पैसे घालवू नयेत, एवढं नशिबानेही होतं.

खोलीचाही हिशेब धरा

महागड्या हेडफोनांत बरेच "ओपन बॅक" असतात, म्हणजे वाटीची मागची बाजू जाळीची. आवाज मोकळा लागतो, पण बाहेरचं आत येतं आणि आतलं बाहेर जातं. निवासी भागासाठी आवाजाची सरकारी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पण भेस्तानच्या घरात वर फिरणारा पंखा, शेजारचा टीव्ही, जवळचं खातं आणि मुंबई-सुरत लाइनवरच्या गाड्या यांचा आवाज मिसळतो. हा गोंगाट खर्जाचे सूर गिळतो. शांत स्टुडिओत पहिला आलेला ओपन बॅक हेडफोन इथे पातळ वाटू शकतो आणि त्याहून स्वस्त बंद वाटीचा बाजी मारू शकतो. म्हणून पारख दोनदा करावी. एकदा पंखा बंद करून, एकदा नेहमीच्या वातावरणात. खरेदीचा निर्णय दुसऱ्या वेळच्या ऐकण्यावर घ्यावा.

चष्मा, कानातली रिंग, दाट केस यांनी गादीत फट राहिली की डग्गा लगेच कमी होतो. दोन्ही हेडफोन ऐकताना चष्मा एकतर दोन्हींना ठेवावा, नाहीतर दोन्हींना काढावा. सुरतच्या दमट हवेत अर्धा तास घालूनही बघावं, घाम आल्यावर खरी सोय कळते.

जास्तीचे पैसे कशाला लागतात

जेरोन ब्रीबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोन मोजले. कोणता सूर किती जोरात वाजतो, याचा त्याने किमतीशी मेळ लावून पाहिला, तर दोघांत संबंध सापडला नाही. महाग म्हणून आवाजाचा तोल चांगला, असं गृहीत धरता येत नाही. जास्त पैशात मिळू शकतात त्या इतर गोष्टी. बदलता येणाऱ्या गाद्या, सुटी होणारी वायर, हलकं वजन, सुटे भाग. त्यांचंही मोल आहे, पण ते वेगळ्या रकान्यात मांडावं.

हेडफोन पुढे नंदुरबार-नवापूरला गावी जाणार असेल, तर वॉरंटीची सेवा तिथल्या पिनकोडवर मिळते का, हे आधी विचारावं. पक्कं बिल घ्यावं. बिलाशिवाय स्वस्त मिळणाऱ्या मालाला कंपनी बहुधा उभं करत नाही. "रिटर्न" आणि "रिप्लेसमेंट" यातला फरकही वाचून घ्यावा. दुसऱ्यात पैसे परत येत नाहीत, तीच वस्तू बदलून मिळते.

कानाचं खातं

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित धरलं जातं. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मी होते, ९० डेसिबलला जेमतेम चार तास उरतात. लूमवर काम करणारा माणूस हे चार तास सोमवारच्या अर्ध्या शिफ्टमध्येच संपवतो. त्याच्यासाठी हेडफोन हळू वाजवणं आणि खात्यात कानात बोळे घालणं, दोन्ही गरजेचं. कानात सतत शिट्टी वाजत असेल किंवा घरचे "टीव्ही किती मोठा लावलाय" म्हणत असतील, तर आधी सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात तपासणी करून घ्यावी.

वहीत रकाने आखून गळा, डग्गा, वाद्यवृंद, सोय, वॉरंटी यांना दहापैकी गुण द्यावेत आणि किंमत शेवटच्या रकान्यात, बेरीज झाल्यावरच लिहावी. दोघांची बेरीज जवळपास सारखी आली, तर स्वस्तातला घ्यावा.