विश्लेषण : ‘शनवार तेली’ ते मलिदा... कोकणातल्या बेने इस्रायलींनी धर्म कसा जपला?

ग्रंथ नाही, धर्मगुरू नाही, प्रार्थनामंदिर नाही. तरीही एखादा समाज आपला धर्म शतकानुशतके कसा टिकवतो? याचे उत्तर शोधायला जेरुसलेमला जायला नको. रत्नागिरीहून उत्तरेला रायगडचा किनारा गाठला तरी पुरे.

कोण हे बेने इस्रायल?

मराठी बोलणारे कोकणातले यहुदी. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. रत्नागिरीकरांना चौदाचा आकडा ओळखीचा वाटेल. चिपळूणच्या परशुरामाच्या कथेतही किनाऱ्याला लागलेले चौदा देह आहेतच! पुढे गावांवरून आडनावे पडली. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर.

मग ओळख उरली कशात?

रोजच्या वागण्यात. हे लोक तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. म्हणून गावाने नाव दिले ‘शनवार तेली’. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. हिब्रूतली ‘शेमा’ ही एकच प्रार्थना तोंडपाठ राहिली होती.

डेव्हिड रहाबी नावाच्या यहुद्याने त्यांना ओळखले, त्याची आठवण आजही सांगतात. त्याने बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. यहुदी धर्माचा नियम नेमका तोच. म्हणजे रावस, बांगडा चालतो. शिंगाळा, मोरी, कोळंबी, कुर्ल्या नाहीत. कोकणात राहून कोळंबीला हात न लावणे ही साधी निष्ठा नव्हे.

मलिदा म्हणजे काय?

पोहे, ओले खोबरे, गोडवा, सुका मेवा आणि भोवती फळे मांडलेले ताट. एलियाहू हन्नाबी म्हणजे प्रेषित एलिया, त्याच्या नावाने ते ठेवले जाते. लग्न, नवे घर किंवा फेडायचा नवस, मलिदा हवाच. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाच्या रथाच्या खुणा असल्याची श्रद्धा आहे. प्रेषित बायबलमधला, पोहे कोकणातले.

वाद कुठे झाला?

इस्रायलमध्ये. १९६२मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी बेने इस्रायलींच्या लग्नाआधी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. ज्यांच्या पोथ्याच बुडाल्या, त्यांच्याकडे पिढ्यांचा दाखला मागितला गेला! त्यापेक्षा रहाबीची मासळीची परीक्षा जास्त न्यायाची होती. आंदोलन पेटले. १९६४मध्ये इस्रायली संसदेने ते सर्व बाबतींत समान यहुदी असल्याचे सांगितले आणि आदेश बदलावा लागला.

महाराष्ट्र सरकारने २०१६मध्ये यहुद्यांना धार्मिक अल्पसंख्याक दर्जा दिला. तोवर बहुतेक घरे इस्रायलला गेली होती. तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले. आणि नवस फेडायला पोहे तिथेही भिजतात.