टेबल कोठे घ्यावे? सामायिक कार्यालयासाठी शहरातील भाग निवडताना

आपल्या समाजातील पुष्कळ धंदे कारखान्याच्या माळ्यावर किंवा दुकानाच्या मागच्या खोलीत सुरू होतात. माल तेथेच तयार होतो, हिशेब तेथेच लिहिला जातो आणि गिऱ्हाईकही तेथेच येऊन बसते. धंदा वाढला की ही व्यवस्था अपुरी पडते. बाहेरचा खरेदीदार भेटीसाठी जागा विचारतो. शिकलेली मुलगी डिझाइनचे किंवा हिशेबाचे काम करायला तयार असते, पण शिलाई यंत्रांच्या गर्दीत तिला बसवायचे कोठे हा प्रश्न पडतो. स्वतंत्र ऑफिस विकत घेणे किंवा पागडीने घेणे झेपत नाही. अशा वेळी अलीकडे अनेकजण कोवर्किंग, म्हणजे सामायिक कार्यालयात टेबले भाड्याने घेतात. वीज, इंटरनेट, साफसफाई, चहा, स्वागतकक्ष हे सर्व चालवणाऱ्याकडे असते. आपण महिन्याचे पैसे भरून कामाला बसायचे.

सोय चांगली आहे. पण शहराच्या कोणत्या भागात टेबले घ्यायची, हे ठरवताना दोन चुका वारंवार होतात. पहिली, नावाला भुलून मोठ्या भागात जाणे. दुसरी, बाहेर आपल्याला कोणी जागा देईल की नाही या धास्तीने मोहल्ल्याच्या बाहेरच न पडणे. दोन्हींमध्ये कष्टाची कमाई वाया जाते. भाग निवडण्याचा आधार दोनच गोष्टी असाव्यात : आपले गिऱ्हाईक कोठून येते आणि आपली माणसे कोठून येतात.

कारखाना आणि ऑफिस वेगळे समजा

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. सामायिक कार्यालयात कारखाना हलवता येत नाही. तेथे शिलाई यंत्र, चामड्याचे तुकडे, चिकटवण्याचे सोल्युशन, रंग यांना परवानगी मिळत नाही आणि आगीचा धोका पाहता मिळूही नये. तेथे न्यायचे ते हिशेब, डिझाइन, पत्रव्यवहार, विक्री आणि थोडेसे नमुने. म्हणून ज्यांचे काम खरोखर टेबलावरचे आहे तेवढ्याच माणसांची यादी करा. दहाजणांच्या धंद्यात कधी कधी चारच टेबले पुरतात.

आणि ज्यांचा सगळा व्यवहार क्रॉफर्ड मार्केट, अब्दुल रहमान स्ट्रीट किंवा मोहम्मद अली रोडच्या घाऊक बाजाराशी आहे, त्यांनी आधी स्वतःलाच विचारावे की हे टेबल हवे कशाला? बाजारातील व्यापारी माल पाहायला दुकानातच येतो. त्याच्यासाठी काचेची केबिन घेणे हा निव्वळ खर्च आहे.

एक उदाहरण

समजा, धारावीत चामड्याच्या बॅगा बनवणारा एक कारखानदार आहे. कंपन्यांना भेटवस्तू म्हणून बॅगा पुरवणे आणि थोडी निर्यात, असा त्याचा धंदा. टेबलावरची माणसे सहा : तो स्वतः आणि नमुने पाहणारा कारागीर धारावीतले, हिशेबनीस मुंब्र्याचा, डिझाइन करणारी मुलगी कुर्ल्याची आणि विक्रीची दोन मुले मीरा रोडची. त्याच्यापुढे तीन भाग आहेत.

फोर्ट : जुना आणि प्रतिष्ठित भाग. बँका, कस्टम हाउस, वकील, जुने निर्यातदार सर्व जवळ. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो मार्गिका तीन कफ परेडपर्यंत पूर्ण झाल्यापासून धारावीहून हुतात्मा चौकापर्यंत थेट जाता येते. जुमा मशीदही क्रॉफर्ड मार्केटजवळ आहे. पण मुंब्र्याच्या आणि मीरा रोडच्या माणसांचा एका बाजूचा प्रवासच तासाच्या वर जातो, शिवाय तो सकाळच्या सर्वाधिक गर्दीच्या दिशेने. ज्याचे रोजचे काम कस्टम किंवा कोर्टाशी आहे त्याला फोर्ट योग्य. आपल्या उदाहरणातील कारखानदाराला तेथे महिन्यातून दोनदा जायचे असेल, तर त्यासाठी सहाजणांना रोज तेथे नेण्याचे कारण नाही.

वांद्रे-कुर्ला संकुल : धारावीपासून मिठी नदीपलीकडे, मेट्रोने पुढचेच स्थानक. मोठ्या कंपन्या, बँका, हिरे बाजार येथे आहेत, त्यामुळे पत्त्याला वजन आहे. परंतु भाडे शहरातील सर्वांत महागांपैकी. मुंब्र्याच्या माणसाला कुर्ल्याला आणि मीरा रोडच्या मुलांना वांद्र्याला उतरून पुन्हा रिक्षाची किंवा बसची रांग धरावी लागते. संध्याकाळी हीच रांग फार लांबते. जुम्म्याला कुर्ला किंवा वांद्र्याकडे जावे लागते, तोही वेळ मोजला पाहिजे.

मरोळ : अंधेरी पूर्वेचा हा भाग नावाने तितका भारी नाही. पण नकाशा पाहा. मरोळ नाका येथे मेट्रोच्या दोन मार्गिका मिळतात. २०१४ मध्ये सुरू झालेली वर्सोवा-घाटकोपर मार्गिका मध्य रेल्वेला घाटकोपरला आणि पश्चिम रेल्वेला अंधेरीला जोडते. तीन क्रमांकाची मार्गिका धारावीहून थेट येथे येते. म्हणजे मुंब्रा आणि कुर्ल्याच्या माणसांना घाटकोपरला एक बदल, मीरा रोडच्या मुलांना अंधेरीला एक बदल, मालकाला बदलच नाही. परदेशी खरेदीदाराला विमानतळ जवळ आणि निर्यातीचे नमुने पाठवायला सहारचे कार्गो संकुल जवळ. परिसरात मुस्लिम वस्ती व मशिदी आहेत. दोष म्हणाल तर घाटकोपर आणि अंधेरी स्थानकांवरची गर्दी. ती सोसावी लागते.

या कारखानदारासाठी मरोळ बरे, असा निष्कर्ष निघतो. तुमची माणसे वेगळ्या ठिकाणची असतील तर उत्तरही वेगळे येईल. मुंब्रा, कौसा आणि ठाणे येथील माणसे जास्त असतील तर ठाणे किंवा ट्रान्स-हार्बर मार्गाने वाशी पाहावे. पुण्यात कोंढव्यात राहणाऱ्यांनी नावासाठी हिंजवडीत टेबले घेतली तर रोज सारे शहर ओलांडावे लागेल. पद्धत मात्र एकच : माणसांची आणि गिऱ्हाइकांची ठिकाणे कागदावर मांडा आणि एकापेक्षा जास्त बदल कोणालाही करावा लागणार नाही असा भाग शोधा.

स्वस्त जागा महाग कशी पडते?

आकडे समजण्यापुरते घेऊ. एका ठिकाणी टेबलाला महिना ८,००० रुपये, दुसऱ्या ठिकाणी ६,०००. सहा टेबलांचे अनुक्रमे ४८,००० आणि ३६,०००. वर १८ टक्के जीएसटी धरला तर ५६,६४० आणि ४२,४८०. ज्यांची जीएसटीची नियमित नोंदणी आहे त्यांना या कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेत असणाऱ्यांना मिळत नाही, त्यांनी पूर्ण रक्कमच खर्च म्हणून धरावी.

वजावट मिळणाऱ्याचा फरक झाला १२,००० रुपये. आता स्वस्त जागा स्टेशनपासून लांब आहे आणि प्रत्येकाला रोज रिक्षाचे ४० रुपये व ४० मिनिटे जास्त लागतात असे समजा. सहाजणांचे २५ दिवसांचे रिक्षाभाडे ६,००० रुपये. वेळ रोज चार तास, महिन्याला १०० तास. म्हणजे एका माणसाचे आठ-आठ तासांचे साडेबारा दिवस. हा वेळ मालकाच्या वहीत दिसत नाही, कारण तो कामगाराच्या पदरचा जातो. पण तो थकव्यातून, उशिरातून आणि शेवटी नोकरी सोडण्यातून परत मालकाकडेच येतो. मुलींच्या बाबतीत तर घरचे लोक पगाराआधी घरी पोहोचण्याची वेळ विचारतात. शिकलेल्या मुलीची नोकरी टिकेल की नाही, हे पुष्कळदा स्टेशन ते ऑफिस या रस्त्यावर ठरते. रस्त्यावर दिवे आहेत काय, रात्री आठला वर्दळ असते काय, हे मालकाने स्वतः चालून पाहावे.

पावसाळा विसरू नका

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीकाठचे कुर्ला, कलिना, धारावी हे भाग बुडाले, हे कोणी विसरलेले नाही. तळमजल्यावर नमुने किंवा कागदपत्रे ठेवणार असाल तर शेजारच्या पानवाल्याला किंवा चहावाल्याला विचारा की जोराच्या पावसात पाणी कोठवर येते. दलाल सांगणार नाही ते तो सांगेल.

नाव ऐकून नकार

घर भाड्याने घेताना आपल्या अनेकांना आलेला कडवट अनुभव येथे सांगायची गरज नाही. सामायिक कार्यालयात परिस्थिती थोडी बरी असते, कारण टेबले दरपत्रकाप्रमाणे दिली जातात आणि सहसा सोसायटीच्या बैठकीपुढे जावे लागत नाही. म्हणून आधीच हार मानून मोहल्ल्यातील अंधारी खोली घेऊ नये. चौकशी करावी, दर लेखी मागावा. नमाजसाठी शांत कोपरा आणि जुम्म्याची सुट्टीची वेळ याविषयी पहिल्याच भेटीत मोकळेपणाने बोलावे. रमजानमध्ये इफ्तारपूर्वी घरी पोहोचता येईल की जागेवरच इफ्तारची सोय करावी लागेल, हेही तेव्हाच पाहावे.

करार आणि कागद

मुदतीचा उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची आज्ञा सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. भाड्याच्या व्यवहारातही तीच शिस्त पाळावी. पुढील गोष्टी सही करण्यापूर्वी पाहाव्यात :

१) चालवणाऱ्याला मूळ मालकाकडून जागा पुढे देण्याची परवानगी आहे काय?

२) जीएसटी नोंदणीसाठी करार, ना-हरकत पत्र आणि वीजबिलाची प्रत मिळेल काय? कारखाना महाराष्ट्रातच असेल तर हे ऑफिस त्याच नोंदणीत जादा ठिकाण म्हणून दाखवता येते. बदल १५ दिवसांच्या आत कळवावा लागतो. प्रवेशाजवळ आपल्या नावाची व जीएसटी क्रमांकाची पाटी लावू देतील काय, हेही विचारा. तपासणीला अधिकारी आला आणि पाटी सापडली नाही तर त्रास आपल्यालाच.

३) किती महिने सोडता येणार नाही? डिपॉझिट किती दिवसांत परत? दरवर्षी वाढ किती?

४) भेटीच्या खोलीचे तास, छपाई, नमुन्यांचे कपाट यांचे पैसे वेगळे आहेत काय?

५) उशीर झाल्यास व्याजाचे कलम आहे काय? ते काढून टाकण्याची विनंती करावी. न काढल्यास भाडे वेळेवर भरण्याची व्यवस्था आधीच करावी.

दोन-तीन धंदेवाल्यांनी मिळून टेबले घेतली तर बरेच, पण एकाने मध्येच सोडले तर त्याचा हिस्सा कोण भरणार हे लेखी ठरवावे. दोस्तीत बोलणी राहून जातात आणि पुढे दोस्तीही जाते.

आधी महिनाभर बसून पाहा

बहुतेक ठिकाणी दिवसाच्या किंवा महिन्याच्या बोलीवर टेबल मिळते. एकदम वर्षाचा करार न करता सर्व माणसांना घेऊन एक महिना बसा. प्रत्येकाने घरातून निघाल्याची आणि परत पोहोचल्याची वेळ वहीत लिहावी. त्या महिन्यात किती गिऱ्हाइके प्रत्यक्ष आली तेही लिहावे. मग माणसांना एकत्र बसवून मशवरा करा आणि सर्वांत लांबून येणाऱ्याला आधी बोलू द्या. त्याला झेपणारी जागा इन्शाअल्लाह इतरांनाही झेपेल.