यंत्र मंद की मागणी चुकीची?

संगणकाचे काम रेंगाळू लागले की पहिला दोष यंत्राला दिला जातो. आम्हीही एकदा तो दिला होता. तो खोटा कसा ठरला, हेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

एका दूध संघाचे दर दहा दिवसांचे हिशेब करणारी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला क्रमाने लिहून दिलेल्या आज्ञा, आम्ही तयार केली होती. उत्पादक ४०,०००, प्रत्येकाचे दूध सकाळ-संध्याकाळ मापले जाई. म्हणजे दहा दिवसांच्या ८ लाख नोंदी. या साऱ्या नोंदी डेटाबेसच्या एकाच तक्त्यात साठत गेल्या. पहिल्या वर्षी हिशेब दोन तासांत उरके. पाचव्या वर्षी रात्री दहाला लावलेले काम सकाळचे दूध येऊन गेले तरी संपेना. बिल एक दिवस लांबले की पेंडीची उधारी थकते, आणि दुकानदाराचे बोलणे उत्पादकाला ऐकावे लागते. आम्ही अधिक शक्तीचे यंत्र मागितले. ते आले, खर्च झाला, आणि वाचला अवघा अर्धा तास!

तेव्हा कोठे आम्ही स्वतःला विचारले: उत्पादक तितकेच, दिवस तितकेच, मग काम वाढते ते कशाच्या प्रमाणात? उत्तर उघड होते. वाढत होता तो जुन्या नोंदींचा ढीग. आजच्या बिलाशी ज्यांचा काडीचा संबंध नाही, अशा नोंदीही यंत्र दर वेळी वाचत होते.

हे ताडून पाहण्याचे साधन डेटाबेसपाशीच असते. पोस्टग्रेसमध्ये प्रश्नाआधी 'एक्स्प्लेन ॲनलाइझ' असे लिहिले की, उत्तर कोणत्या मार्गाने शोधले आणि किती ओळी वाचून टाकून दिल्या, हे समोर येते. आम्ही पाहिले तो काय, एकेका उत्पादकाच्या पाच वर्षांच्या ३,६५० नोंदी वाचून त्यांतल्या २० ठेवल्या जात होत्या. एकूण वाचन १४ कोटी ६० लाखांचे, उपयोग ८ लाखांचा!

वस्तुतः तारखेची सूची, जिला इंडेक्स म्हणतात, ती तयार होती. अशा सूचीची बी-ट्री नावाची रचना रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्राइट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केली. सूचीच्या एका पानावर ३०० खुणा मावतात असे धरले, तर तीन पायऱ्यांत २ कोटी ७० लाख आणि चार पायऱ्यांत ८१० कोटी नोंदींपर्यंत पोचता येते. मग आमची सूची निकामी का ठरली? कारण आम्ही प्रत्येक तारखेचे आधी अक्षरांत रूपांतर करून मग तुलना करीत होतो. सूची तारखांची आणि शोध अक्षरांचा. ती उघडली तरी कशी जावी? तारीख होती तशीच ठेवून 'या दिवसापासून त्या दिवसापर्यंत' असे विचारताच सूची कामास आली. म्हणून प्रत्येक रकान्याची सूची करावी असे मात्र नव्हे. नवी नोंद लिहिताना प्रत्येक सूचीतही लिहावे लागते.

दुसरा दोष हेलपाट्यांचा. वाण्याकडे आपण यादी एकदाच देतो. मीठ घरी ठेवून पुन्हा साखरेसाठी जात नाही. आमची स्क्रिप्ट मात्र प्रत्येक उत्पादकासाठी बेरीज, दर, कपात व बिलाची नोंद अशा चार खेपा घाली. एका खेपेस ५ मिलिसेकंद धरले, तरी १ लाख ६० हजार खेपांत ८०० सेकंद गेले. इ. स. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी मांडलेल्या संबंधात्मक पद्धतीचे मर्म हेच की, एकेका ओळीमागे न धावता हवा तो समूह एकदम मागावा. उत्पादकवार बेरीज एकाच प्रश्नात मिळते.

तिसरा दोष, दर ओळीला कमिट. कमिट म्हणजे नोंद कायम झाल्याची खात्री होईपर्यंत थांबणे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर असे कमिट सेकंदाला सुमारे ६०च होतात, असे एस्क्यूलाइटचे कर्ते सांगतात. त्या हिशेबाने ४०,००० कमिटांना अकरा मिनिटे लागतील. हजार ओळींमागे एक केले तर उरतात ४०. मात्र काम कोठवर आले याची खूण त्याच कमिटमध्ये लिहावी. नाहीतर मध्येच वीज जाऊन काम पुन्हा सुरू झाले, की कोणाला दुप्पट पैसे जातील आणि कोणाला मुळीच नाहीत.

हे तिन्ही दोष दूर केल्यावर हिशेब सात मिनिटांत होऊ लागला. तरी तो लगेच वापरला नाही. जुन्या रीतीने झालेल्या एका बिलाशी पै-पैचा ताळा घातला, मगच नवी रीत चालू केली. चुकीचे बिल लवकर मिळून उत्पादकाचे काय भले होणार?

म्हणून यंत्राला बोल लावण्यापूर्वी पाहावे: ओळी किती वाचल्या, किती लागत होत्या, आणि खेपा किती झाल्या. नवे यंत्र घ्यावयाचे की नाही, याचा विचार त्यानंतर.